मून कॅक्टस सांभाळायचा तर आधी खालचा हिरवा खुंट सांभाळा

माझा पहिला मून कॅक्टस दीड वर्षात गेला. वरचा लाल गोळा अगदी शेवटच्या आठवड्यापर्यंत टवटवीत दिसत होता. खालचा हिरवा दांडा मात्र कधीचाच मेणबत्तीसारखा बारीक आणि पिवळट झाला होता, आणि माझं तिकडे लक्षच नव्हतं. निवडुंग म्हणजे वाळवंटातलं झाड, त्याला आठवड्याला चमचाभर पाणी पुरे, असं ऐकलं होतं आणि तेच इमानेइतबारे करत राहिले. रोप तहानेने मेलं. त्यानंतर या झाडाची पुष्कळ कलमं केली, काही जगली, काही गेली. नव्याने हे रोप घरी आणणाऱ्यांना कामाला येईल ते सगळं इथे लिहिते आहे.

एका कुंडीत दोन झाडं

आधी हे नीट समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळत जाईल. मून कॅक्टस हे एक झाड नाही. वरचा रंगीत गोळा एका जातीचा आणि खालचा दांडा दुसऱ्याच जातीचा. दोघांचं कलम केलेलं असतं. आंब्याच्या कलमात जसा खालचा भाग गावठी आंब्याचा असतो आणि त्याला आपण खुंट म्हणतो, तसाच हा हिरवा दांडा म्हणजे खुंट.

वरचा गोळा जिम्नोकॅलिशियम मिहानोविची नावाच्या निवडुंगाचा. जिम्नोकॅलिशियम म्हणजे उघडी कळी, कारण याच्या कळ्यांवर काटे किंवा लव नसते. मूळ जंगली झाड पॅराग्वेच्या चाको भागात झुडपांच्या सावलीत वाढतं आणि दिसायला साधं असतं: करडट हिरवं, थोडी तपकिरी झाक, कंगोऱ्यांवर आडवे फिकट पट्टे. लाल रंग हा अपघाताने आलेला आहे. १९४१ साली जपानमधले रोपवाटिकाकार एइजी वातानाबे यांना आपल्या वाफ्यातल्या हजारो रोपांमध्ये लालसर झाक असलेली दोन रोपं दिसली. ती त्यांनी दुसऱ्या निवडुंगावर बांधून जगवली आणि त्यांच्या पिल्लांतून, म्हणजे कडेला फुटणाऱ्या लहान गोळ्यांतून, निवड करत पूर्ण लाल झाड मिळवलं. त्याचं जपानी नाव हिबोतान, म्हणजे शेंदरी पिओनीचं फूल. आज अशी कलमं सर्वात मोठ्या प्रमाणावर तयार करून परदेशी पाठवणाऱ्या देशांत दक्षिण कोरियाचं नाव येतं.

या गोळ्यात हरितद्रव्य नाही. हरितद्रव्याखाली एरवी झाकला जाणारा लाल-पिवळा रंग म्हणूनच उघडा पडतो. बीट आणि बोगनवेल यांचा रंग ज्या बीटालेन गटातला, त्याच गटातला हा. पण हरितद्रव्य नाही म्हणजे अन्न तयार करण्याची सोयच नाही. असं रोप बियातून उगवलं तर बीतली शिदोरी संपेपर्यंत जगतं आणि मरतं. खुंटावर बसवलं तर खुंट त्याला पोसतो. लाल गोळा कापून मातीत लावला तर जगेल का, असं नवे लोक नेहमी विचारतात. पूर्ण लाल, पिवळा, नारिंगी किंवा पांढरा असेल तर नाही जगणार. ज्यावर हिरवे किंवा काळपट हिरवे पट्टे असतात, तो मात्र स्वतःच्या मुळांवरही तग धरू शकतो, कारण त्या पट्ट्यांत हरितद्रव्य असतं.

खुंट बहुतेक वेळा हायलोसेरियसचा असतो, म्हणजे ज्याला ड्रॅगन फ्रूट लागतं त्या वेलीचा. नव्या वर्गीकरणात त्याला सेलेनिसेरियस म्हणतात, त्यामुळे दोन्ही नावं वाचायला मिळतील. ही वेल वाळवंटातली नाहीच. उष्ण प्रदेशातल्या जंगलात झाडांवर, खडकांवर चढणारी, कुजलेल्या पाचोळ्यात मुळं सोडणारी ही वेल आहे. माझी चूक नेमकी इथे झाली होती. काळजी घ्यायची ती या वेलीची. वरच्याला हवं ते तीच पुरवते.

विकत घेताना

रंगाच्या मोहात पडण्याआधी रोप हातात घेऊन जोड बघा. गोळा आणि खुंट यांच्यामध्ये फट दिसता कामा नये. गोळा चिमटीत हलकेच धरून हलवला तर तो खुंटासकट हलावा, एकटा नाही. खुंट गर्द हिरवा, टणक आणि तिन्ही धारांनी भरलेला हवा. मातीलगत तो तपकिरी आणि मऊ लागला तर रोप खाली ठेवा. तपकिरी पण कडक, लाकडासारखा लागला तर घाबरू नका, ते वयाचं लक्षण आहे. उंच आणि जाड खुंटाचं रोप मिळालं तर तेच घ्या, कारण खुंट जितका मोठा तितका हिरवा पृष्ठभाग जास्त आणि तितकं गोळ्याला अन्न जास्त. माझ्या अनुभवात गडद लाल सर्वात चिवट असतो; पांढरे आणि फिकट गुलाबी लवकर रुसतात.

गोळ्याच्या माथ्यावर कागदासारखं फूल असेल तर ते जवळून बघा. अनेकदा ते गोंदाने चिकटवलेलं सुकं फूल असतं. खरं फूलही येतं, फिकट गुलाबी, पण ते काट्यांच्या पुंजक्यातून गुळगुळीत देठावर वर आलेलं दिसतं. चिकटवलेलं फूल ओढून काढू नका, साल सोलते. गोंदाच्या वर कात्रीने कापा आणि उरलेलं आपोआप झडू द्या. कुंडीवर रंगीत खडे एकमेकांना चिकटवून त्यांचं झाकण केलेलं असेल तर ते मात्र घरी गेल्या गेल्या फोडून काढा. त्याखालची माती ओली आहे की कोरडी हे कळत नाही, आणि पाणी कडेने निसटून जातं.

कुंडी आणि माती

आणलेलं रोप दहा-बारा दिवस बाकीच्या झाडांपासून लांब ठेवा. कीड असेल तर एवढ्यात दिसते. मग कुंडी बदला.

कुंडी लहान घ्या, मुळांच्या गुच्छापेक्षा बोटभर रुंद, आणि तळाला भोक हवंच. मातीची कुंडी लवकर सुकते आणि वजनदार असते. हे रोप माथ्याकडे जड असल्यामुळे प्लॅस्टिकच्या हलक्या कुंडीत कलंडतं. मिश्रणात निम्मा भाग भरड हवा, म्हणजे बारीक खडी, विटेचा जाडसर चुरा, परलाइट किंवा प्युमिस यांपैकी जे मिळेल ते. उरलेल्या निम्म्यात चांगलं मुरलेलं पालापाचोळ्याचं खत आणि कोकोपीट. नुसत्या वाळूत वाळवंटी निवडुंग लावतात तसं याला लावू नका, ही वेल उपाशी राहते. चाळलेली बारीक वाळूही टाळा. ती मातीत मिसळली की गच्च बसते आणि हवा कोंडते.

रोप काढताना खुंटाला धरा, गोळ्याला कधीच नाही. खुंट पूर्वी जितका मातीत होता तितकाच ठेवा. खोल लावून रोप स्थिर करण्याचा मोह होतो, पण गाडलेला भाग कुजण्याचा धोका असतो. डुगडुगत असेल तर शेजारी एक काडी रोवून सैल बांधा. मुळं तुटली असतील म्हणून पहिले पाच-सहा दिवस पाणी नको.

प्रकाश

इथे दोघांची गरज वेगळी. खुंटाला भरपूर उजेड हवा, कारण दोघांचं अन्न त्यालाच करायचं आहे. गोळ्याला भर दुपारचं ऊन सोसत नाही. हरितद्रव्याशिवायची त्याची साल भाजते आणि तिथे फिकट, पुठ्ठ्यासारखा डाग पडतो. तो डाग पुन्हा जात नाही. सकाळचं कोवळं दोन-तीन तासांचं ऊन आणि दिवसभर लख्ख उजेड, एवढ्यात दोघांचं भागतं. पूर्वेची खिडकी उत्तम. सावलीत वाढलेलं रोप एकदम उन्हात नेऊ नका, दर दोन दिवसांनी थोडं थोडं पुढे सरकवा.

उजेड कमी पडतोय हे आधी खुंट सांगतो. त्याच्या धारा पातळ होतात, हिरवा रंग उतरतो आणि एखादा फुटवा आला तर तो लांबट, निस्तेज निघतो. गोळ्याचा रंग फिका पडेपर्यंत वाट बघितली तर फार उशीर झालेला असतो.

पाणी

किती दिवसांनी पाणी घालायचं याचं उत्तर दिवसांत देता येत नाही. कुंडी, हवा, ऊन, सगळ्यावर ते अवलंबून. मी बांबूची बारीक काडी कुंडीच्या कडेने तळापर्यंत खुपसते आणि मिनिटभराने काढते. काडीला माती चिकटून आली किंवा टोक थंड, ओलसर लागलं तर थांबायचं. कोरडी निघाली की पाणी घालायचं, आणि घालायचं ते तळाच्या भोकातून वाहेपर्यंत. थाळीत साचलेलं लगेच ओतून टाका. चमचा-चमचा पाण्याने वरचा थर तेवढा ओला होतो आणि खालची मुळं वाळतात. माझ्या पहिल्या रोपाचं हेच झालं.

पाणी मातीत घाला, डोक्यावरून नको. गोळा आणि खुंट यांच्या जोडाशी एक बारीक खाच असते, तिथे पाणी साचून राहिलं की कूज सुरू व्हायला वेळ लागत नाही. चुकून पडलंच तर टिपकागदाच्या टोकाने टिपून घ्या.

थंडीत वाढ थांबते, तेव्हा माती पूर्ण कोरडी झाल्यावरही आठवडाभर थांबून थोडं पाणी द्या. खुंट उष्ण प्रदेशातला असल्यामुळे १० अंश सेल्सिअसच्या खाली त्याला त्रास होतो, आणि थंड हवा व ओली माती एकत्र आली तर मुळं कुजतात. अशा दिवसांत रोप आत घ्या. वाढीच्या दिवसांत महिन्यातून एकदा पातळ खत पुरे, पाकिटावर लिहिलंय त्याच्या निम्म्या ताकदीचं, नत्र कमी असलेलं. जास्त नत्राने गोळा फुगतो आणि साल उकलते.

खुंटाला फुटवे आले तर

कधीतरी खुंटाच्या धारेवर, काट्यांच्या ठिपक्यातून हिरवा कोंभ निघेल. बघायला छान वाटतो, म्हणून लोक ठेवतात. पण वेल आपली सगळी ताकद आपल्याच फुटव्याला देते आणि वरच्या परक्या गोळ्याचं पोषण तुटतं. महिन्या-दोन महिन्यांत गोळा आक्रसतो. म्हणून कोंभ बोटाच्या पेराएवढा असतानाच बुडाशी मोडून टाका.

फक्त एक अपवाद मी करते. रोप दोन-अडीच वर्षांचं झालं की खालच्या बाजूचा एकच फुटवा वीतभर वाढू देते, कारण पुढचा खुंट मला त्यातूनच मिळतो.

कीड आणि कूज

जोडाच्या खाचेत कापसासारखा पांढरा पुंजका दिसला तर तो पिठ्या ढेकूण. ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये इअरबड बुडवून एकेक पुंजका पुसा, आणि साल पूर्ण सुकेपर्यंत रोप उन्हात ठेवू नका. आठवड्याने पुन्हा करा, कारण अंडी उरतात. गोळ्यावर बारीक तपकिरी खरवडल्यासारखे डाग पसरत असतील आणि काट्यांमध्ये तलम जाळी दिसत असेल तर तो लाल कोळी. कोरड्या, कोंदट जागी तो वाढतो. जागा बदला, हवा खेळती ठेवा, आणि कडुनिंबाच्या तेलाची पातळ फवारणी संध्याकाळी करा.

कूज मात्र हातानेच ओळखावी लागते. रोज नाही, पण आठवड्यातून एकदा खुंट मातीलगत दाबून बघा. मऊ लागला तर त्याच दिवशी कापा. कूज खाली असेल आणि वरचा खुंट हिरवा, टणक असेल तर रोप वाचतं: स्वच्छ ब्लेडने वर वर चकत्या काढत जा, कापलेल्या जागी एकही तपकिरी ठिपका उरत नाही तोपर्यंत थांबू नका. मग गोळ्यासकट तो तुकडा सावलीत आठवडाभर सुकवा आणि जेमतेम ओलसर भरड मिश्रणात उभा करा. तीन-चार आठवड्यांत मुळं धरतात.

नवं कलम

नीट सांभाळलं तरी हायलोसेरियसच्या खुंटावरचं कलम सहसा तीन ते पाच वर्षं चालतं. दोघांची वाढीची गती वेगळी असते आणि खुंट लवकर थकतो. म्हणून जुनं ठणठणीत असतानाच नवं करून ठेवायचं. गोळ्याला कडेने पिल्लं येतात, ती घ्यायची. दीर्घायुषी खुंट हवा असेल तर सेरियस किंवा मिर्टिलोकॅक्टस या जातींचे निवडुंग वापरा. त्यांच्यावर वाढ सावकाश होते, पण कलम पुष्कळ जास्त टिकतं. शिकताना हायलोसेरियसच बरा, तो लवकर धरतो.

एक इशारा. तिधारी निवडुंग नावाचं कुंपणाचं झाड दिसायला खुंटासारखंच असतं, पण नावात निवडुंग असलं तरी ते कॅक्टसच्या कुळातलं नाही. कापल्यावर पांढरा चीक आला की समजा ते युफोर्बिया आहे. त्यावर कॅक्टसचं कलम धरत नाही, आणि तो चीक डोळ्यात गेला तर मोठी इजा होते.

राखलेला वीतभर फुटवा कापून आठवडाभर सुकवा, लहान कुंडीत लावा आणि दोन-तीन महिने वाढू द्या. शेंड्याला ताजी, चकचकीत वाढ दिसू लागली की खुंट तयार. कलमाच्या आदल्या दिवशी त्याला भरपूर पाणी द्या, म्हणजे रस भरलेला राहतो. हवा २० ते ३० अंशांची, कोरडी असावी. दमट, पावसाळी हवेत करू नका.

नवं ब्लेड घ्या आणि अल्कोहोलने पुसा. प्रत्येक रोप बदलताना पुन्हा पुसा, कारण कॅक्टस व्हायरस एक्ससारखे विषाणू ब्लेडवरच्या रसातूनच एका रोपातून दुसऱ्यात जातात. खुंट मातीपासून आठ-दहा सेंटिमीटरवर आडवा, सपाट, एका झटक्यात कापा. करवतल्यासारखं कापलं तर पृष्ठभाग उंचसखल होतो. मग तिन्ही धारांचे कोपरे अर्धा सेंटिमीटर तिरपे छाटा. का, तर सुकताना आतला गर आक्रसतो आणि साल आक्रसत नाही. कोपरे तसेच ठेवले तर कापलेली जागा वाटीसारखी खोल होते आणि पिल्लू वर उचललं जातं.

आता कापलेल्या जागेकडे वाकून बघा. हिरवट पांढऱ्या गराच्या मधोमध एक फिकट कडं दिसेल, शर्टाच्या लहान बटणाएवढं. रस वाहून नेणाऱ्या वाहिन्यांचं ते कडं. सगळं कलम त्याच्यावर अवलंबून आहे. वरून कागदासारखी एक पातळ चकती आणखी कापा, पण ती काढू नका, तशीच वर राहू द्या. पिल्लू तयार होईपर्यंत जागा ओली राहते.

पिल्लू एक ते दोन सेंटिमीटरचं घ्या. ते बारीक मानेने आईला जोडलेलं असतं; चिमट्याने धरून हलकेच पिळलं की सुटतं. बुडातून पातळ चकत्या काढत जा. इथेही एक कडं दिसेल, फार लहान, टाचणीच्या डोक्याहून थोडं मोठं. दिसलं की खुंटावरची चकती सरकवून टाका आणि पिल्लू लगेच वर ठेवा. ओल्या गरावर ते साबणासारखं सरकतं. हलकेच दाबून थोडं इकडेतिकडे फिरवा, म्हणजे खालची हवा निघून जाते. लहान कडं मोठ्या कड्याच्या अगदी मध्यभागी ठेवण्याची चूक बहुतेक जण करतात. तसं ठेवलं तर दोन्ही कडी एकमेकांना शिवतच नाहीत. पिल्लू थोडं एका बाजूला सरकवा, जिथे एक कडं दुसऱ्याला छेदेल. रोप बाहेरून किंचित वाकडं दिसलं तरी चालेल.

दोन रबर बँड घ्या, पिल्लावरून कुंडीच्या बुडाखालून, एकमेकांना काटकोनात. ताण इतका हवा की पिल्लू सरकणार नाही, पण रबर सालीत रुतणारही नाही. शंका असेल तर सैल रबर घ्या. कुंडी सावलीत, उजेडाच्या खोलीत ठेवा. माती कोरडी झाली तर कडेने पाणी घाला, जोड दोन आठवडे ओला होऊ देऊ नका.

आठव्या ते दहाव्या दिवशी एक एक करून रबर काढा, आणि काढताना पिल्लू दुसऱ्या हाताच्या बोटाने धरून ठेवा, नाहीतर रबर सुटताना त्याला ओढून नेतं. पिल्लू सुरकुतलेलं, हलकं वाटलं किंवा गळून पडलं तर कलम धरलं नाही. दोन्हीकडून ताजी चकती काढून लगेच पुन्हा करता येतं. माझी निम्मी कलमं दुसऱ्या खेपेलाच धरली. धरलं असेल तर तीन आठवड्यांत पिल्लू चमकदार होतं, कंगोरे फुगतात आणि माथ्यावर मऊ, फिकट नवे काटे दिसतात. ते काटे दिसले की रोप हळूहळू पूर्वेच्या खिडकीत न्या.

कुंडीत एक पट्टी खोचा आणि तिच्यावर कलम केल्याची तारीख पेन्सिलीने लिहा, कारण पेनाची शाई उन्हात उडते. त्या तारखेपासून दोन-अडीच वर्षं झाली की पुढच्या खुंटासाठी फुटवा राखायला सुरुवात करायची.